टायर आणि रिम यांच्यातील घसरण : शर्यतीच्या मोटारींतील एक दुर्लक्षित सांधा

प्रास्ताविक

मोटारीचा टायर घसरला असे म्हटले की टायर आणि रस्ता यांच्यातील घसरणच डोळ्यांसमोर येते. परंतु टायरला आणखी एक संपर्कपृष्ठ असते व त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. टायरची आतील कड आणि चाकाची रिम जेथे एकमेकांना भिडतात ते हे पृष्ठ होय. इंजिनाची शक्ती रस्त्यापर्यंत पोचण्यापूर्वी तिला या सांध्यातून जावे लागते. गिअर आणि आस यांच्या जोडणीत दाते असतात, चाक व हब यांच्या जोडणीत बोल्ट असतात. टायर आणि रिम यांच्या सांध्यात मात्र दाते नाहीत, बोल्ट नाहीत, चावी नाही. तेथे केवळ घर्षण आहे.

हे घर्षण अपुरे पडले म्हणजे काय होते याचा अनुभव सायकल वापरणाऱ्या प्रत्येकास असतो. हवा कमी असताना सायकल बरेच दिवस चालविली की ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून सरळ बाहेर न येता तिरपा दिसू लागतो. टायर रिमवर थोडा थोडा सरकलेला असतो आणि आपल्याबरोबर त्याने ट्यूबही ओढत नेलेली असते. सायकलच्या बाबतीत ही क्रिया महिनोन् महिने चालते. शर्यतीच्या मोटारीत ती अर्ध्या सेकंदात घडू शकते व तिचा शेवट व्हॉल्व्ह मुळापासून तुटून टायर एकाएकी रिकामा होण्यात होऊ शकतो. ही घसरण का होते, ती कशी ओळखावी आणि तिला प्रतिबंध करण्याच्या प्रचलित उपायांचे मोल काय, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणे मुख्यत्वे अमेरिकेत विकसित झालेल्या ड्रॅग शर्यतींतील घेतली आहेत, कारण हा प्रश्न तेथेच सर्वाधिक उग्र स्वरूपात दिसतो.

धाव, काठ आणि तार

चाकावर बाहेरून चढविलेले वेष्टन जागेवर कसे टिकवावे हा प्रश्न रबरापेक्षा पुष्कळ जुना आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जी लोखंडी धाव चढवितो, ती चाकाच्या परिघापेक्षा मुद्दाम किंचित लहान केलेली असते. गोवऱ्यांच्या जाळात तापवून ती फुगविली जाते, चाकावर बसविली जाते आणि पाणी ओतून आवळली जाते. १.२ मीटर व्यासाच्या चाकाचा परिघ सुमारे ३.७७ मीटर असतो. धावेचे तापमान ४०० अंश सेल्सियसने वाढले तर लोखंडाच्या प्रसरणांकानुसार तिची लांबी सुमारे १८ मिलिमीटरने वाढते. एवढ्या फरकातून निर्माण होणारी आवळण धाव धरून ठेवण्यास पुरेशी होते. वाफेच्या रेल्वे इंजिनांच्या चाकांवरील पोलादी टायरही याच तत्त्वावर तापवून चढविले जात. ब्रेकच्या उष्णतेने ते सैल होण्याचा धोका असल्यामुळे टायर व चाक यांवर सलग रंगरेषा ओढून ती तुटली काय हे पाहण्याची पद्धत पडली. या रंगरेषेचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

रबराला असे तापवून आवळता येत नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या टायरचे पहिले पेटंट घेतले तेव्हा त्यांनी चामड्याचे बाह्य वेष्टन चाकाला चक्क बोल्टांनी जखडले होते. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा मांडली. त्यांचा टायर रिमला कापड गुंडाळून व चिकटवून बसविलेला असे. १८९० मध्ये दोन वेगळे मार्ग निघाले. विल्यम बार्टलेट यांच्या टायरची जाड रबरी काठ रिमच्या वळविलेल्या ओठात अडकत असे, तर चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या काठात न ताणली जाणारी तार घातली. आरंभीच्या मोटारींवर बार्टलेटच्या पद्धतीचे टायर असत व ते सरकू नयेत म्हणून रिममधून आत जाणारे सुरक्षा-बोल्ट बसवावे लागत. पुढे वेल्च यांची तारच टिकली. आजच्या मोटारीचा टायर तारेच्याच जोरावर रिमवर बसतो. तारेच्या या रबरवेष्टित कड्याला टायरच्या धंद्यात ‘बीड’ म्हणतात. मराठीत बीड म्हणजे ओतीव लोखंड असाही अर्थ रूढ असल्याने येथे तो अभिप्रेत नाही एवढे नमूद केलेले बरे.

बीड जागेवर का राहते

मोटारीच्या रिमवर बीड ज्या पट्टीवर बसते ती पट्टी सपाट नसून आतून बाहेर सुमारे ५ अंशांनी चढती असते. हवा भरताना बीड या उतरणीवर चढत चढत बाहेरच्या कठड्याकडे सरकते आणि ‘फट्’ असा आवाज होऊन जागेवर बसते. तारेचे कडे ताणले जात नसल्यामुळे तार व धातू यांच्यामधील रबर दाबले जाते. ही झाली आवळण, म्हणजे धावेचेच तत्त्व. फक्त येथे लोखंड आकुंचन पावण्याऐवजी रबर चेपले जाते. दुसरा आधार हवेचा. आतील हवा टायरच्या बाजूच्या भिंतीला बाहेर ढकलते व त्या बलाचा काही भाग बीडला रिमच्या कठड्यावर दाबून धरतो. आवळण टायर आणि रिम यांच्या मापांवर ठरते, हवेचा आधार हवेच्या दाबावर. शर्यतीत बदलतो तो हा दुसरा घटक.

अनेक रिमवर बीडच्या पट्टीच्या आतील बाजूस एक बारीक उंचवटा असतो. तो टायर रिमवर फिरण्यास अडथळा करतो असा समज आढळतो, पण तो चुकीचा आहे. वळणावर बाजूने येणाऱ्या बलामुळे बीड आतल्या खोलगट भागात पडू नये एवढेच त्याचे काम. परिघाच्या दिशेने तो गुळगुळीतच असतो.

थोडे गणित

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ मार्गावर, थांबलेल्या अवस्थेतून, पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर कमीत कमी वेळात कापण्याची स्पर्धा. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने तिला अमेरिकेत नियमबद्ध स्वरूप दिले. या शर्यतीत सारे काही पहिल्या क्षणी ठरत असल्याने मागील टायर रुंद, बिननक्षीचे व मऊ रबराचे असतात आणि त्यांत हवा अत्यंत कमी ठेवली जाते. हवा कमी म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग लांब आणि पकड अधिक. शिवाय गाडी सुटताना टायरच्या पातळ भिंतीला सुरकुत्या पडून धक्का काहीसा शोषला जातो.

एक काल्पनिक, पण वास्तवाला धरून असलेली गाडी घेऊ. वस्तुमान १,२०० किलोग्रॅम, सुटतानाचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दीडपट, मागील टायरची त्रिज्या ०.३८ मीटर व रिमची त्रिज्या ०.१९ मीटर. दोन मागील चाकांनी मिळून रस्त्यावर लावावयाचे बल सुमारे १७,६०० न्यूटन, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्यास ८,८०० न्यूटन. हे बल टायरच्या बाहेरील परिघावर लागते. रिमची त्रिज्या त्याच्या निम्मी असल्याने तेच आघूर्ण रिमवर पेलण्यासाठी दुप्पट, म्हणजे १७,६०० न्यूटन बल लागते. ते दोन बीडांत विभागले की प्रत्येक बीडवर ८,८०० न्यूटन एवढी घर्षणाची गरज उरते.

आता हवा किती पुरविते ते पाहू. टायरच्या एका बाजूच्या वलयाचे क्षेत्रफळ सुमारे ०.३४ चौरस मीटर भरते. त्यावरील हवेच्या दाबापैकी निम्मा भार बीड घेते व उरलेला टायरचा माथा घेतो असे स्थूलमानाने मानू. हवा ३० पीएसआय, म्हणजे सुमारे २०७ किलोपास्कल असेल तर बीड कठड्यावर सुमारे ३५,००० न्यूटन बलाने दाबले जाते. घर्षणांक ०.५ धरल्यास १७,६०० न्यूटन घर्षण उपलब्ध होते. म्हणजे गरजेच्या दुप्पट. हवा १० पीएसआयवर आणली की हेच घर्षण ५,९०० न्यूटनवर येते. उरलेली जवळजवळ ३,००० न्यूटनची तूट एकट्या आवळणीने भरून काढावी लागते, आणि क्लच झटक्याने सुटल्यास क्षणिक बल सरासरीपेक्षा बरेच अधिक असते.

या आकडेमोडीत अनेक बाबी सोप्या करून घेतल्या आहेत, परंतु प्रश्नाचे स्वरूप तिच्यातून स्पष्ट होते. टायर सरकतो तो टायर सदोष असल्यामुळे नव्हे. रस्त्यावरील पकड वाढविण्यासाठी हवा कमी केली की त्याच कृतीने रिमवरील पकड घटते. बाहेरच्या सांध्यात मिळविलेले आतल्या सांध्यात गमावले जाते, आणि जो सांधा दुबळा असेल तेथे घसरण होते. रस्ता गुळगुळीत असता तर चाकेच जागच्या जागी फिरली असती व बीडवर एवढा ताण आलाच नसता.

रिम व टायर यांच्या त्रिज्यांचे गुणोत्तरही दुर्लक्षून चालत नाही. सर्वांत वेगवान अशा ‘टॉप फ्युएल’ वर्गातील गाड्यांचा मागील टायर ३६ इंच व्यासाचा व रिम १६ इंचांची असते, गुणोत्तर २.२५. या गाड्यांची शक्ती ११,००० अश्वशक्तीहून अधिक आणि मागील टायरमधील हवा ७ पीएसआयच्या आसपास असते. एका स्पर्धकाच्या अपघाती मृत्यूनंतर २००८ पासून त्यांचे अंतर १,००० फुटांवर आणले गेले. फॉर्म्युला १ मध्ये मात्र उलट दिशेने बदल झाला. २०२१ पर्यंत ६७० मिलिमीटर व्यासाचा टायर १३ इंची रिमवर बसे. २०२२ मध्ये ७२० मिलिमीटरचा टायर १८ इंची रिमवर बसू लागला. गुणोत्तर २.०३ वरून १.५८ वर आले, म्हणजे रस्त्यावरील तेवढ्याच बलासाठी बीडवरील मागणी सुमारे २२ टक्क्यांनी घटली. टायरच्या भिंतीचे क्षेत्रफळ कमी झाल्यामुळे हवेचा आधारही सुमारे ९ टक्क्यांनी घटला, परंतु हिशेब एकंदरीत फायद्याचाच राहिला. हा केवळ भूमितीचा परिणाम आहे. बदलामागील कारणे अर्थातच वेगळी होती.

ओळख

घसरण ओळखण्याची पद्धत अत्यंत साधी आहे. टायरच्या भिंतीवरून रिमच्या कठड्यावर जाणारी एक सलग रेषा खडूने वा रंगाने ओढावी आणि प्रत्येक धावेनंतर ती पाहावी. ट्यूब असलेल्या विमानाच्या टायरवरही अशाच खुणा असतात. ब्रिटिश पद्धतीत २४ इंचांपर्यंत बाह्य व्यास असलेल्या टायरसाठी ही खूण १ इंच रुंद व त्याहून मोठ्या टायरसाठी दीड इंच रुंद असते. टायर व रिम यांवरील खुणा एकमेकींपासून पूर्ण सुटल्या तर चाक उतरवून ट्यूब व व्हॉल्व्ह तपासावे लागतात.

या खुणेचा आणखी एक उपयोग आहे. गाडी सुटताना टायरची भिंत पिळली जाते व त्या क्षणी टायरचा माथा रिमच्या मागे पडलेला दिसतो. छायाचित्रात हा पीळ पाहून टायर सरकला असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. पीळ बल निघून जाताच उलगडतो. घसरण उलगडत नाही. गाडी थांबल्यावरही रेषा तुटलेलीच असेल तरच ती घसरण समजावी.

घसरणीचे दुष्परिणाम चाकाच्या रचनेवर अवलंबून असतात. ट्यूब असल्यास व्हॉल्व्ह तुटण्याचा धोका सर्वांत गंभीर. मऊ भिंतींच्या अनेक ड्रॅग टायरांत ट्यूब घालावीच लागते, त्यामुळे हा धोका जुना नाही, आजचाही आहे. ट्यूब नसल्यास चाकाचा समतोल बिघडतो, कारण समतोलासाठी लावलेली वजने रिमवर आणि टायरची जड बाजू टायरवर असते. दोहोंतील कोन बदलला की वेगात थरथर सुरू होते. जोराच्या ब्रेकमुळे उलट दिशेनेही घसरण होऊ शकते, ही गोष्ट पुढील चाकांच्या बाबतीत विसरली जाते.

उपाय

पहिला उपाय कमी खर्चाचा आहे व म्हणूनच कदाचित सर्वांत उपेक्षित आहे : बीडची जागा स्वच्छ व कोरडी ठेवणे. टायर चढविताना बीडला साबणाचे पाणी लावतात. ते आवश्यकही आहे, कारण कोरडे बीड फाटू शकते. परंतु ते वाळेपर्यंत घर्षणांक फार कमी असतो. तो ०.२ धरला तर वरील उदाहरणात ३० पीएसआयलाही प्रत्येक बीडवर केवळ ७,००० न्यूटन घर्षण उरते. म्हणजे पूर्ण हवा भरलेला टायरही आवळणीच्या मदतीवाचून सरकेल. शर्यतीच्या दिवशी सकाळी टायर चढवून दुपारी गाडी धाववू नये या जुन्या सांगण्याला एवढा भक्कम आधार आहे. तेल, ग्रीस किंवा सिलिकोन यांचा वापर तर पूर्ण टाळावा, कारण ते वाळतच नाहीत. रिमवरील जुने रबर, गंज व रंगाचे पोपडे तारेच्या ब्रशने काढावेत. रिमची रुंदी टायरला अनुरूप नसेल तर बीड कठड्याला नीट भिडत नाही आणि पुढचे सर्व उपाय व्यर्थ जातात.

दुसरा उपाय बीडची पट्टी खरबरीत करण्याचा. लेथवर नर्लिंग करून किंवा वाळूचा मारा करून धातूवर बारीक उठाव आणले जातात. दाबलेले रबर त्यांत शिरते. मध्यम शक्तीच्या गाडीला एवढे पुरते. मात्र ट्यूबरहित टायरमध्ये उठाव फार खोल असतील तर त्यांतून हवा झिरपते. काही स्पर्धक बीडला चिकटद्रव्य लावतात. त्याने पकड वाढते यात शंका नाही, पण टायर उतरविताना बीडची हानी होते व प्रत्येक वेळी रिम खरवडावी लागते.

तिसरा उपाय बीड-स्क्रूचा. रिमच्या कठड्यात समान अंतरावर भोके पाडून त्यांतून लहान स्क्रू बीडच्या रबरात शिरविले जातात. वरील रिमवर एका बाजूस १६ स्क्रू घेतले तर दोन स्क्रूंमधील अंतर सुमारे ७५ मिलिमीटर येते, आणि घर्षण शून्य मानले तरी प्रत्येक स्क्रूवर सुमारे ५५० न्यूटन, म्हणजे ५६ किलोग्रॅम वजनाइतका भार येतो. हा भार लहान स्क्रूला जड नाही. दुबळा असतो तो त्याच्या भोवतीचा रबर. म्हणून स्क्रू मोजके व मोठे घेण्यापेक्षा अधिक व लहान घेणे श्रेयस्कर. त्यांची लांबी काटेकोर हवी : टोक रबरात रुतले पाहिजे, पण ट्यूबपर्यंत पोचता कामा नये. ट्यूब नसल्यास प्रत्येक भोक सीलंटने बंद करावे लागते. टायर उतरविताना एखादा स्क्रू काढावयाचा राहिला तर बीड फाटते. याशिवाय प्रत्येक भोकाभोवती ताण एकवटतो, त्यामुळे ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या रिमला तडा जाण्याची शक्यता वाढते. ज्या रिमचा कठडा त्यासाठी बनविलेला नाही तिला घरगुती ड्रिलने भोके पाडणे हा धोक्याचा व्यवहार आहे.

चौथा व सर्वांत खात्रीचा उपाय बीडलॉक. यात बीड रिमच्या कडेवर ठेवून वरून धातूची कडी बसविली जाते आणि ती अनेक बोल्टांनी आवळली जाते. बीड दोन धातूंच्या चिमट्यात सापडते व पकड हवेच्या दाबावर अवलंबून राहत नाही. थॉमसन यांच्या बोल्टांकडे दीडशे वर्षांनी परत जाण्यासारखेच हे आहे. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात; रबर चेपून बसत असल्यामुळे पहिल्या धावेनंतर ते पुन्हा तपासावे लागतात. मातीच्या गोल मार्गावर धावणाऱ्या अमेरिकी स्प्रिंट गाड्यांच्या उजव्या मागील चाकावर बीडलॉक सर्रास दिसते. तेथे फिरती घसरण आणि बाजूने बीड सुटणे हे दोन्ही धोके एकत्र असतात. वजन वाढते, तेही चाकाच्या परिघाजवळ, हा त्याचा दोष.

त्याहून सूक्ष्म असा एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो. सरकणारे बीड अनिच्छेने का होईना, एखाद्या फ्यूजचे काम करीत असते : बल ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ते सुटते आणि पुढील भाग वाचतात. बीड पक्के जखडले की तोच झटका आस, गिअर आणि चाकाचे बोल्ट यांच्यापर्यंत पोचतो. त्यामुळे बीडलॉक बसविल्यावर आस तुटली तर तिच्या दर्जाला बोल लावण्याआधी आधीची घसरण किती बल गिळत होती याचा विचार करणे उचित ठरेल.

महाविद्यालयीन संदर्भ

महाराष्ट्रात या प्रश्नाचा प्रत्यक्ष संबंध मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांशी येतो. २००७ पासून पिथमपूर येथे सुरू झालेल्या बाजा एसएई इंडिया स्पर्धेत येथील विद्यार्थ्यांचे संघ स्वतः बांधलेली वाहने उतरवीत आले आहेत. खडबडीत मार्गावर पकड मिळावी म्हणून या वाहनांच्या रुंद टायरांत हवा कमी ठेवण्याकडे कल असतो. इंजिनाची शक्ती मर्यादित असल्याने फिरत्या घसरणीपेक्षा उडीनंतर तिरपे आदळताना बीड सुटण्याची भीती येथे अधिक; त्यासाठी स्क्रूंची नव्हे, योग्य रिम आणि दाबाच्या किमान मर्यादेची गरज आहे. दोन प्रकारच्या घसरणींत गल्लत झाली तर उपायही चुकतो.

घर्षणाच्या प्रात्यक्षिकासाठी हा विषय सोयीचा आहे. स्कूटरचे जुने चाक घट्ट शिकंज्यात धरून टायरच्या माथ्याभोवती पट्टा आवळावा, पट्ट्याला जोडलेल्या तरफेवर वजने वाढवीत जावे आणि खडूची रेषा कोणत्या आघूर्णास तुटते ते नोंदवावे. तरफ उतरवून रेषा पुन्हा जुळते काय हे पाहिले की पीळ वगळता येतो. वाचने निरनिराळ्या दाबांना घ्यावीत. आघूर्ण व दाब यांचा आलेख काढल्यास तो शून्य दाबाकडे वाढविला असता जेथे अक्षाला छेदतो, तेथे केवळ आवळणीचा वाटा वाचता येतो. आलेखाचा चढ हवेचा वाटा सांगतो. हवा भरताना टायरवर वाकू नये, आणि ४० पीएसआयपर्यंत बीड जागेवर बसले नाही तर दाब न वाढविता हवा सोडून बीड पुन्हा तपासावे. पहिली मालिका साबणाचे पाणी लावल्यावर लगेच, दुसरी चोवीस तासांनी व तिसरी रिम घासून पूर्ण कोरड्या अवस्थेत घ्यावी.